पान आधी, भोकं नंतर: कोर्दोबाचं स्तंभशीर्ष दगडात कसं कोरायचं

माझी पुतणी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती ऐरोलीला आमच्याकडे आली, ती पिशवीत सोपस्टोनचा ठोकळा घेऊनच. वास्तुकलेच्या इतिहासात तिला स्पेनमधल्या कोर्दोबाचं दहाव्या शतकातलं एक स्तंभशीर्ष, म्हणजे खांबाचं नक्षीदार डोकं, नेमून दिलं होतं. बाकीची मुलं ड्रॉइंग देणार होती, हिने कोरून द्यायचं ठरवलं होतं. "काका, दोन दिवस ठोकतेय, पण फोटोतल्यासारखं काही दिसत नाही," म्हणाली. मी ठोकळा हातात घेतला. चारी बाजूंना तिने भराभर भोकं पाडली होती, अगदी नेटकी, एका अंतरावर. पण त्या भोकांखाली पान नव्हतं. सपाट दगडाची चाळण झाली होती.

मी चौतीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. १९९८ साली एक मशीन तपासून घ्यायला कंपनीने मला तीन आठवडे माद्रिदला पाठवलं होतं. एका रविवारी पहाटेच्या गाडीने मी कोर्दोबाला गेलो आणि दुपारी बसने मदीनत अल-जहराच्या अवशेषांवर. खलिफा तिसरा अब्द अल-रहमान याने ९३६ च्या सुमारास वसवायला घेतलेली ही राजधानी. शंभर वर्षंही टिकली नाही, १०१० नंतरच्या यादवीत लुटली गेली. तिथल्या मोठ्या दरबारी दालनात गुलाबी आणि निळसर करड्या खांबांवर पांढऱ्या संगमरवराची शीर्षं आहेत. हिवाळ्यातलं तिरपं ऊन दारातून आत येत होतं. लांबून ती शीर्षं मला जाळीची वाटली, जवळ गेल्यावर कळलं की हे सगळं ड्रिलचं काम आहे. ड्रिलवर आयुष्य काढलेला माणूस हजार वर्षांपूर्वीच्या ड्रिलसमोर उभा राहिला की त्याला काय होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी तिथे अडीच तास होतो.

पुतणीला जे शिकवलं तेच इथे लिहितो. माप, क्रम आणि हत्यारं माझी आहेत, मी दोन शीर्षं पूर्ण केली त्यातून आलेली.

कोरायला बसण्याआधी हे शीर्ष करतं काय ते डोक्यात पक्कं हवं. खाली खांब गोल, वर कमानीचा पाय चौकोनी. चौकोनावरचं वजन गोलात उतरवणारा मधला तुकडा म्हणजे शीर्ष. आमच्या भाषेत अडॅप्टर. म्हणून ते वर चौरस आणि खाली वर्तुळ असतं, आणि मधल्या सगळ्या पानांचं काम त्या चौरसाला वर्तुळापर्यंत डोळ्यांदेखत नेऊन सोडण्याचं असतं. रोमन लोकांनी ग्रीकांकडून घेतलेला कोरिंथियन नमुना याचा बाप: मध्ये टोपलीसारखा गाभा, भोवती अकँथस नावाच्या काटेरी झुडपाच्या पानांच्या दोन ओळी, एकेका ओळीत आठ पानं, चार कोपऱ्यांत गुंडाळ्या आणि माथ्यावर आत वळलेल्या कडांची चौकोनी पाटी.

कोर्दोबाच्या मशिदीत हा सगळा प्रवास एका छताखाली बघायला मिळतो. पहिल्या अब्द अल-रहमानने ७८५-८६ मध्ये मशीद सुरू केली तेव्हा खांब आणि शीर्षं बहुतेक जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर स्पेनवर राज्य केलेले लोक) इमारतींची उचलून बसवली. प्रत्येक खांबाची उंची निराळी, जाडी निराळी. ट्युनिशियातल्या कैरवानची मशीद ८३६ मध्ये पुन्हा बांधली तिथेही हेच: चारशेहून जास्त खांब, बरेचसे जुन्या रोमन ठिकाणांहून आणलेले. जेरुसलेमचा घुमट (डोम ऑफ द रॉक), दमास्कसची मशीद, सगळीकडे आधी जुनी शीर्षंच वापरली गेली. पुढे नवव्या शतकात कोर्दोबाच्या कारागिरांनी नवीन शीर्षं घडवायला घेतली ती रोमन नमुना समोर ठेवून. आणि दहाव्या शतकात त्यांचा स्वतःचा हात दिसायला लागला. पानाचं मांस त्यांनी ड्रिलने पोखरून काढलं, फक्त शिरा आणि कडा ठेवल्या. स्पॅनिश लोक या शैलीला 'अविस्पेरो' म्हणतात, म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं.

आता माझा मुद्दा. त्याच मशिदीत दुसऱ्या अल-हकमने ९६२ पासून जो भाग वाढवला, तिथल्या खांबांच्या रांगांवर गुळगुळीत पानांची शीर्षं आहेत. एकही भोक नाही, एकही शीर नाही. नुसतं फुगलेलं, वर वळलेलं पान. आणि ती शीर्षं पूर्ण वाटतात. पोळ्याच्या शीर्षातून सगळी भोकं मनाने बुजवलीत तर खाली हेच गुळगुळीत पान सापडतं. म्हणून घरी कोरणाऱ्याने आधी गुळगुळीत शीर्ष करायचं. ते नजरेला पटल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही.

दगड सोपस्टोनच घ्या. मूळ काम संगमरवराचं आहे, पण मार्बलच्या दुकानांत मिळतात त्या लाद्या, जेमतेम पाऊण इंच जाडीच्या. ठोकळा मिळाला तरी पहिल्याच कामाला तो हात मोडतो. पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाण तर याहून कितीतरी कठीण. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर असल्या काळ्या दगडात उभं आहे. ते बघून आल्यापासून पाथरवटाच्या टाकीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो वेगळाच. पण हाताने फिरवायच्या ड्रिलने तीन-चारशे भोकं त्यात पडणार नाहीत. सोपस्टोन नखानेही ओरखडतो. मूर्ती घडवणाऱ्यांकडे किंवा हस्तकलेचं सामान विकणाऱ्यांकडे ठोकळा मिळतो. घेताना तो पाण्याने ओला करून बघा. सुकताना एखादी रेघ ओली राहिली तर तिथे चीर आहे, तो ठोकळा परत द्या.

एक गोष्ट मी कडक सांगतो. सोपस्टोनच्या काही खाणींतल्या दगडात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्यामुळे हा दगड कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, फुंकर मारून भुकटी उडवायची नाही. परातीत ठोकळा ठेवा, शेजारी पाण्याची बाटली ठेवा, काम सतत ओलं ठेवा. पी-१०० फिल्टरचा मास्क (अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंना एन-९५ पुरत नाही) आणि डोळ्यांवर चष्मा. गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून टाका, मोरीत ओतू नका. ओल्या कामाचा आणखी एक फायदा, आवाज होत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर आजी दुपारी झोपतात, वर्षभरात त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

ठोकळा मी १४० मिलिमीटरचा घेतो, तिन्ही बाजूंनी सारखा. वजन साडेसात किलोच्या आसपास, एका हाताने फिरवता येतं. १४० का, तर रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो की पाटीची जाडी शीर्षाच्या उंचीच्या सातव्या भागाइतकी ठेवावी आणि उरलेल्या उंचीचे तीन सारखे भाग करावेत. १४० चा सातवा भाग २०. उरले १२०. त्याचे तीन भाग चाळीस-चाळीसचे: खालची पानं, वरची पानं, गुंडाळ्या. अपूर्णांक नाही, गुण्या लावून चारी बाजूंना तीन रेघा मारल्या की आडवी आखणी संपली. रुंदीत मात्र मी व्हिट्रुव्हियसचं ऐकत नाही. त्याच्या हिशेबाने पाटीचा कर्ण उंचीच्या दुप्पट येतो, म्हणजे शीर्ष पसरट होतं. कोर्दोबाची शीर्षं घनाकार आहेत, ठाम बसलेली, तेच प्रमाण ठेवा.

पाटीच्या कडा आत वळवायच्या त्या बाजूच्या नवव्या भागाइतक्या, म्हणजे साडेपंधरा मिलिमीटर. कंपास १६५ वर लावून पुठ्ठ्यावर कमान काढा, कापा, चारी बाजूंना तोच फर्मा वापरा. मात्र प्रत्येक बाजूच्या मध्यावर बोटभर रुंदीचा दगड पुढे तसाच ठेवायचा, तिथे फूल येतं. कोपरे टोकदार ठेवू नका, बारा मिलिमीटरचे बोथट कापा.

आता जास्तीचा दगड काढायचा. खालचे ८० मिलिमीटर करवतीने कोपरे उडवून १२० व्यासाचे गोल करा. लोखंड कापायची हॅकसॉ चालते, पातं जाड दात्याचं. मग सगळ्यात खालचे ४० मिलिमीटर आणखी उतरवून ११० व्यासाचे करा. तिसरा पट्टा, पाटीच्या खालचा, अजून चौकोनीच असू द्या. तिथल्या चार कोपऱ्यांत गुंडाळ्या दडल्या आहेत आणि एकदा उडवलेला कोपरा परत येत नाही. पुतणीने पहिल्या ठोकळ्यात हेच केलं होतं, सगळं खालून वरपर्यंत शंकूसारखं गोल करून टाकलं होतं.

आठ पानांची वाटणी कोनमापकाने करू नका. कागदाची पट्टी खालच्या गोलाभोवती घट्ट गुंडाळा, जिथे मिळते तिथे कापा, आणि तीनदा दुमडा. उलगडली की आठ सारखे भाग. परीघ ३४५ येतो, एका पानाला ४३ मिलिमीटर. वरच्या ओळीचं पान पाटीच्या फुलाखाली आणि कोपऱ्याखाली येतं, खालच्या ओळीचं त्यांच्या बरोबर मध्ये. हे उलटं झालं तर कोपऱ्यातल्या गुंडाळीला खालून आधार दिसत नाही आणि शीर्ष लटकल्यासारखं वाटतं.

पान कसं असतं, हे पुतणीला फोटोवरून कळेना. मी तिला सकाळी खाडीवर घेऊन गेलो. ऐरोलीच्या खाडीत कांदळवनाच्या कडेला मारांडी वाढते, जांभळ्या फुलांची, काटेरी पानांची. मारांडी ही अकँथसच. ग्रीक-रोमन शिल्पातला अकँथस तिचा भूमध्य समुद्राकडचा भाऊबंद, त्याचं पान मोठं आणि खोल कापलेलं, हिचं लहान आणि चिवट, पण घराणं एक. तोडायची नाही, कांदळवन राखीव आहे. आम्ही वाकून बघितलं. पानावर मिठाचे बारीक कण होते, ही झाडं मीठ बाहेर टाकतात. मी तिला दोन गोष्टी बघायला सांगितल्या. एक, मधली शीर बुडाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत जाते. दोन, कड सरळ नाही, ती काट्यापाशी वर उठते आणि दोन काट्यांच्या मध्ये खाली बसते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे पान सपाट नसतंच." नसतंच. दगडातलं पानही बुडाशी गाभ्याला चिकटलेलं असतं, मध्ये फुगतं आणि टोक बाहेर झुकतं.

घरी येऊन तिने आधी शाडूत चार पानं केली. गणपतीच्या कारखान्यातून उरलेला शाडू आमच्याकडे डब्यात असतो. शाडू नसेल तर कपड्याच्या साबणाची वडी घ्या, छिन्नीचा हात त्यावरही बसतो.

दगडावर: कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचा पानाचा फर्मा कापा, आठही ठिकाणी पेन्सिलने फिरवा. दोन पानांच्या मधला दगड आत गाभ्यापर्यंत उतरवा. माझ्या मापात गाभा ९० व्यासाचा आहे, म्हणजे पान बुडाशी गाभ्यापासून ४ मिलिमीटर वर आणि टोकाशी १० मिलिमीटर वर येतं. मग अर्धगोल कानशीने पान फुगवा. खालची आठ झाली की वरची आठ, ती खालच्या पानांच्या मागून उगवल्यासारखी दिसली पाहिजेत, त्यांच्या डोक्यावर ठेवल्यासारखी नाही. मग चार गुंडाळ्या. गुंडाळीची रेघ पाटीच्या कोपऱ्याखालून निघून आत दीड वेढा घेते, जास्त वेढे या आकारात मोडतात.

इथे थांबा. शीर्ष संध्याकाळी गच्चीवर न्या. आमच्याकडे ऊन खाडीवरून तिरपं येतं, साडेचार-पाचला प्रत्येक चढउतार दिसतो. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाजूला जमिनीलगत धरा. समोरून कधीच नाही. ठोकळा हळूहळू फिरवा आणि सोळा पानांच्या सावल्या बघा. एखाद्या पानाची सावली लहान पडली तर त्याचं टोक कमी झुकलंय. पुतणीच्या शीर्षात अशी तीन पानं निघाली आणि ती दुरुस्त करायला तिचे दोन दिवस गेले. सगळ्या कामातले हे दोन दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात.

आता ड्रिल. त्या काळचा कारागीर दोरीने किंवा धनुकलीने फिरणारं ड्रिल वापरायचा, आपल्या सुतारांच्या सामत्यासारखं. तुम्ही दात्यांचं हँड ड्रिल घ्या, इलेक्ट्रिक नको. सोपस्टोनमध्ये इलेक्ट्रिक ड्रिल इतकं पटकन आत जातं की हाताला कळेपर्यंत पान फुटतं. साधे हायस्पीड स्टीलचे बिट पुरतात, ३ आणि २ मिलिमीटरचे. संगमरवर असता तर कार्बाइड लागलं असतं.

एका पानाला मधली शीर ३ मिलिमीटरची ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार पाकळ्या आखा आणि प्रत्येक पाकळीत तीन भोकं, मोठं शिरेकडे, लहान टोकाकडे. पानामागे २४, सोळा पानांची ३८४. भोक पाडायच्या आधी प्रत्येक जागी टोकदार पंचने हलका ठिपका द्या, नाहीतर बिट घसरतो. दोन भोकांमध्ये आणि कडेला किमान २ मिलिमीटर दगड राहू द्या.

माझं पहिलं शीर्ष मी इथेच बिघडवलं. कारखान्यातल्या सवयीने सगळी भोकं एकाच दिशेने पाडली, सरळ गाभ्याकडे. पान तर वळलेलं आहे. टोकाजवळ बिट तिरका गेला, पलीकडून बाहेर आला आणि टोक हातात आलं. ड्रिल पानाच्या त्या त्या जागेला काटकोनात धरायचं, म्हणजे बुडाशी जवळजवळ आडवं आणि टोकाकडे उचललेलं. खोलीही एकसारखी नको. टोकाकडे ६ मिलिमीटर, बुडाशी ३, बिटला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. दर दोन भोकांनंतर बिट पाण्यात बुडवून गाळ काढा, गाळाने भरलेला बिट भोक रुंद करतो.

भोकं झाली की त्यांच्यामधले पूल छाटायचे, सगळे नाही. एका पाकळीतली तीन भोकं एकमेकांत उघडा, दोन पाकळ्यांच्या मधली भिंत मात्र ठेवा. हीच ती बारीक शीर, जी उजेडात पांढरी रेघ म्हणून दिसते. छिन्नी अरुंद घ्या आणि घाव नेहमी भरीव दगडाकडे द्या, मोकळ्या कडेकडे कधीच नाही. भोकांच्या भिंती आत थोड्या रुंद झाल्या तर उत्तम, तोंडाशी अरुंद आणि पोटात मोठं भोक जास्त काळं दिसतं. नीडल फाईलने शिरा हलक्या गोल करा. दिवसाला दोन पानं, त्याहून जास्त नको. तिसऱ्या पानाला मनगट दमलेलं असतं.

काम चालू असताना पुतणीने विचारलं की एवढी बारीक नक्षी वीस फुटांवरून कुणाला दिसणार. मशिदीत ती शीर्षं डोक्यापासून फार वर नाहीत, हे एक उत्तर. दुसरं उत्तर मी तिला टॉर्च लावून दाखवलं. गुळगुळीत पानाला एकच मोठी सावली असते. पोखरलेल्या पानाला लहान लहान काळे ठिपके मिळतात आणि तुम्ही एक पाऊल सरकलात की सगळे बदलतात. खांब जागचा हलत नाही, पण त्याचं डोकं जिवंत वाटतं. बायझंटाईन कारागिरांनी सहाव्या शतकात इस्तंबूलच्या हागिया सोफियात अशीच शीर्षं पोखरली होती. कोर्दोबाने ती वाट घेऊन पानाला पान ठेवलं, म्हणून मला ही शीर्षं जास्त आवडतात.

ड्रिल अजिबात नको असेल तर सामर्राचा नमुना करा. इराकमधल्या सामर्रात, नवव्या शतकातल्या अब्बासी राजधानीत, गचकामात, म्हणजे भिंतीवरच्या गिलाव्याच्या नक्षीकामात, एक शैली झाली ज्यात प्रत्येक रेघ तिरप्या कापाने आत उतरते आणि नक्षीच्या मागे रिकामी जागा उरतच नाही. कैरोत इब्न तुलुनच्या मशिदीत, ८७६ ते ८७९ मध्ये बांधलेल्या, विटांच्या खांबांच्या कोपऱ्यांवर गचाची शीर्षं आहेत, तीही पाहून ठेवा. ते काम एका तिरप्या छिन्नीने प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये होतं.

पाटीच्या मध्यावरची फुलं शेवटी करा. मदीनत अल-जहराच्या पाट्यांवर अरबी लेखही असतात, खलिफासाठी आशीर्वाद, कधी सालही. जी लिपी वाचता येत नाही तिची नक्कल मी करत नाही, तुम्हीही करू नका, अक्षर चुकलं तर प्रार्थनेचा अर्थ बिघडतो. पण त्या लेखांतली एक गोष्ट मला फार जवळची आहे: तिथे घडवणाऱ्यांचीही नावं आहेत. फतह, बद्र, नस्र. कारखान्यात आम्ही घडवलेल्या डायवर फक्त ड्रॉइंग नंबर असायचा. पुतणीने तिचं नाव बुडाच्या कडेला देवनागरीत कोरलं, पाच मिलिमीटर उंचीचं, आणि शेजारी साल.

शेवटी मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने प्रत्येक भोक धुवा, उलटं करून दोन दिवस सावलीत वाळू द्या. सोपस्टोनला तेल किंवा मेण लावायची पद्धत आहे, ते इथे लावू नका. तेलाने दगड काळपट होतो, शिरा आणि भोकं एकाच रंगाची होतात, आणि ३८४ भोकांची मेहनत बुजून जाते.